बक्षीस कुणाच्या हस्ते?

तुमच्या हातात हा अंक पडेल तेव्हा आमच्या कळव्याच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या तारखेवरून पहिलं भांडण होऊन गेलेलं असेल. मी निवृत्त बाई, मला त्याचं काय? पण फराळाच्या चकल्या तळताना माझं अर्धं डोकं तिथेच असतं. तारीख कुठली धरली? स्पीकरवाल्याला आधी सांगून ठेवलंय ना, की ऐन वेळी तो कुणाच्या हळदीला पळणार? या नादात यंदाही एक घाणा करपला.

तारीख ठरवणं म्हणजे काय, असं बाहेरच्याला वाटतं. आमच्याकडे डिसेंबरचा पहिला आठवडा बाद, कारण सहा तारखेला निम्मा वर्ग आईवडिलांबरोबर चैत्यभूमीला जातो. मार्गशीर्षातले गुरुवार बाद, कारण कोकणातल्या घरांतल्या आयांचा जीव संध्याकाळी नैवेद्यात अडकलेला. लग्नसराई लागली की खारेगावच्या मुलांना हळदीपुढे शाळा दिसत नाही. उरलेल्या दिवसांत हॉल मिळाला पाहिजे, पाहुणा मिळाला पाहिजे आणि पाचवीतल्या पोरांना गोवर-कांजिण्या झालेल्या नसल्या पाहिजेत. एवढं जुळवून मी जानेवारीतला एक शनिवार काढायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यावर "बघू" म्हणायच्या आणि मग तोच शनिवार ठरायचा.

पाचवी ते आठवीची मराठी माध्यमाची शाळा. मी मराठी आणि इतिहास शिकवायची, पण मुलांच्या लेखी मी 'कार्यक्रमवाल्या सावंत बाई'. पावसाळ्यात वृक्षदिंडी, मग पंधरा ऑगस्टचं लेझीम, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, डिसेंबरात खेळ आणि शेवटी स्नेहसंमेलन. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी असायचाच, आणि तो दरवर्षी पाहुणे यायच्या आधी फुटायचा. संमेलनाच्या दिवशी माझ्या बांगडीत सेफ्टी पिनांचा जुडगा, कमरेला खोचलेला पदर आणि पायांत पट्ट्याच्या चपला. पडद्याच्या डाव्या बाजूला माझ्यासाठी एक खुर्ची ठेवायचे. इतक्या वर्षांत मी तिच्यावर एकदाही टेकले नाही. तिच्यावर कोळीनाचाच्या टोपल्या असायच्या.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या शाळेत बक्षीस पाहुण्यांच्या हस्ते देत नाहीत. मुलाच्या घरचं माणूस स्टेजवर येतं आणि आपल्या मुलाला स्वतःच्या हातांनी बक्षीस देतं.

ही पद्धत कुणी विचार करून काढलेली नव्हती. फार पूर्वी एकदा प्रमुख पाहुणे खाडीच्या पुलावर अडकले. पूल हलेना, पाहुणे हलेनात, आणि नटवलेली पोरं विंगेत एकमेकांच्या मिशा उपटायला लागली. तेव्हाच्या मोठ्या बाई माइकवर गेल्या आणि म्हणाल्या, "ज्यांच्या मुलांची नावं घेते त्यांनी वर या आणि आपापल्या पोराला बक्षीस द्या." समोर बसलेल्या आया आधी एकमेकींकडे बघून लाजल्या. मग एक उठली, तिच्यामागून दुसरी. पाहुणे पोचले तेव्हा त्यांच्यासाठी फक्त नारळ उरला होता. पुढच्या वर्षी पालकच विचारायला लागले, "यंदाही आम्हीच द्यायचं ना?"

मला ही पद्धत जीवापाड आवडायची. एका मुलाचे वडील वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून थेट आले. हाताला ग्रीस, म्हणून ढाल घेईनात. पँटला हात पुसत राहिले आणि शेवटी प्रमाणपत्रावर काळा अंगठा उमटलाच. तो मुलगा आता इंजिनीअर आहे. त्याने ते प्रमाणपत्र तसंच फ्रेम करून लावलंय. एक आजोबा संगमेश्वरहून मुद्दाम आले होते. नातीला बक्षीस देऊन झाल्यावर त्यांनी माइक धरला तो सोडेनात. "पहिली आली ते ठीक, पण ही घरात पाण्याचा तांब्या उचलत नाही," असं सगळ्या कळव्याला सांगून मगच खाली उतरले. एकमेकांशी न बोलणारे एक आईवडील दोन बाजूंच्या जिन्यांनी स्टेजवर आले. एका चषकाचे दोन कान दोघांनी धरले आणि मधून पोराने तो ओढून घेतला. लोक हसले, ते दोघंही हसले.

या सगळ्यामागे माझी धावपळ असायची. माणसं आपोआप येत नाहीत. नळपाड्यातल्या एका बाईच्या मालकिणीला मी ठाण्याच्या टॉवरमध्ये फोन लावायची, "मॅडम, आज तासभर लवकर सोडा, मुलगा पहिला आलाय." एखाद्या वडिलांच्या सुपरवायझरची मनधरणी करायची. इतकं करून कुणाचं कोणी आलंच नाही तर मी स्वतः उभी राहायची. विंगेतून तीन ढांगांत स्टेजवर जायचं, बक्षीस द्यायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, परत विंगेत. मला वाटायचं, चला, एकाही पोराचा हात रिकामा राहिला नाही.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. मे महिन्यात मी निवृत्त होणार होते आणि माझा सत्कारही स्नेहसंमेलनातच उरकायचा असं ठरलं होतं. बॅनर छापून झाला होता. पद्धतीप्रमाणे मला शाल घरच्या माणसाने द्यायची. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बंगळूरला. तो म्हणाला, "आई, सुट्टी नाहीच मिळत गं. व्हिडिओ कॉल करतो, चालेल?" मी म्हटलं, चालेल की, त्यात काय. स्टाफरूममध्येही हेच सांगितलं. पण रात्री झोप लागत नव्हती. स्टेजवर उभी राहिलेली मी आणि माझ्याकडे फोनचा पडदा धरून उभे पाटील सर, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

पाटील सर आमचे खेळाचे शिक्षक. खारेगावचेच, आवाज असा की त्यांना शिट्टी लागत नाही. डिसेंबरात मैदानावर सामने चालू असताना ते माझ्याजवळ आले.

"बाई, ती रुचिता मुद्दाम थांबली."

रुचिता सातवीतली. सडपातळ, जवळजवळ मुकी म्हणावी इतकी अबोल, आणि पळायला लागली की बघत राहावी अशी. मघाशी शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती आणि दोरीच्या अलीकडे एकदम मंदावली. तिसरीदेखील आली नाही.

"दमली असेल हो," मी म्हटलं.

"दमली? ती? मना काय समजत नाय काय? येवरी वर्सं पोरं पळवतंय मी. जानून थांबली ती."

दुपारी लांब उडी होती. रुचिताने पहिल्या उडीला फळीच्या पुढे पाय टाकला, उडी बाद. दुसऱ्या उडीलाही तेच. मग पाटील सर भडकले, "नसेल जमत तर बाजूला हो, दुसरीला घेतो!" ते ऐकून तिचा चेहरा लाल झाला. ती मागे गेली, धावत आली आणि अशी उडाली की वाळूच्या खड्ड्याच्या कडेला उभ्या मुली मागे सरकल्या. सगळे ओरडले. रुचिताने मागे वळून वाळूतली आपली खूण बघितली आणि तिथेच बसून रडायला लागली. आनंदाने रडतेय असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला जिन्यात गाठलं.

"बाई, माझं नाव वाचू नका ना."

"का गं? पहिली आलीस तू."

"मला नकोय बक्षीस. दुसऱ्या नंबरवालीला द्या."

"अगं, आईला सांग ना यायला."

"आई नाय येऊ शकत. ती चोवीस तासाच्या ड्युटीवर असते, डोंबिवलीला. पेशंटकडे."

हे मला माहीत होतं. रुचिताचे वडील ती पहिलीत असताना गेले. आई सुनंदा ब्युरोमार्फत आजारी माणसांकडे राहून काम करायची. मुलगी मामा-मामीकडे, आणि ते दोघंही दिवसभर कंपनीत. पाचवीत आणि सहावीतही या मुलीला बक्षीस मिळालं होतं आणि दोन्ही वेळा ते मीच दिलं होतं.

"मग मी आहे ना," मी म्हटलं. "दरवर्षी देतेच की."

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, राग नका मानू. तुम्ही आलात ना स्टेजवर, की सगळ्यांना कळतं. पोरी आधीच बोलतात, आता सावंत बाई येणार, म्हणजे हिचं कोणी नाय आलं."

ती वर्गात निघून गेली. मी जिन्यातच उभी. घंटा झाली, मुलं माझ्या अंगावरून उतरली, तरी मी तिथेच. ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, ती टाळायला ही मुलगी जिंकता जिंकता थांबत होती. मला वाईट वाटलं, रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. हे सगळं मी पाटील सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग तिची आईसच आनायची." आता शाळेत बक्षीस कुणाच्या हातून हवं ते मुलंच सांगतात. आजी चालते, भाऊ चालतो, वर्गातली मैत्रीणही चालते. ते पाटील सरांनी पुढच्या वर्षीपासून चालू केलं. पण तेव्हा आमच्यापुढे जानेवारीतला तो शनिवार होता आणि आई डोंबिवलीत अडकलेली होती.

मी डोंबिवली पूर्वेला त्या घरी गेले. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आतल्या खोलीत लोखंडी कॉटवर एक आजी. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून अंथरुणावर. डॉक्टर म्हणत होते उठून बसायला हवं, व्यायाम शिकवणारी मुलगी येऊन दमून गेली होती, पण आजी बसायचं नाव काढत नव्हत्या. दुखतं म्हणायच्या. सुनंदा त्यांना कुशीवर वळवत होती. मला बघून ती दचकली. शाळेच्या बाई एवढ्या लांब घरी आल्या म्हणजे मुलीला काहीतरी झालं, असंच तिला वाटलं.

मी कारण सांगितलं तशी ती रडवेली झाली. "बाई, मला काय हौस नाय का? पण त्याच शनवारी इथले दादा-वहिनी, आजींचा मुलगा नि सून, लग्नाला नाशिकला चाललेत. ब्युरो बदली बाई देते, पण आजींनी दोघींना हाकलून लावलं. एकीच्या हातचं पाणी नाय प्यायल्या. आणि बदलीवाली आवडली तर माझं काम गेलं. मी दोन्हीकडून मेले."

"बदली मी आले तर?" मी म्हटलं. हे घरून ठरवून निघाले नव्हते. तोंडातून गेलं.

कॉटवरून आवाज आला. "या कोण?"

"रुचिताच्या शाळेतल्या बाई आहेत, आजी."

"मास्तरीणबाई, इकडे या. कुणाला कुशीवर वळवलंय का कधी? डायपर बदलता येतो?"

"सासूबाईंचं दोन वर्षं सगळं केलंय."

"तोंड कसं असायचं तेव्हा? हसरं की पाडलेलं?"

"कधी असं, कधी तसं."

"खरं बोलता," आजी म्हणाल्या. "चालेल. पण आधी बसा. आल्यापासून खोलीत फेऱ्या मारताय. माझे डोळे दुखायला लागले."

त्यांच्या मुलाशी बोलणं झालं. तो बिचारा इतका ओशाळला की मलाच समजूत घालावी लागली. नंतर मी आणखी दोनदा जाऊन औषधं, जेवण, वळवायची पद्धत असं सगळं सुनंदाकडून शिकून घेतलं. शाळेत फक्त पाटील सरांना सांगितलं. मोठ्या बाईंना कळलं असतं तर त्यांनी मला सोडलं नसतं.

"आनि तुमचा सत्कार?" सर म्हणाले.

"नंतर स्टाफरूममध्ये करू, चहाबरोबर."

खरं सांगते, हे म्हणताना मला जरा सुटल्यासारखंही वाटलं. आता फोनच्या त्या पडद्यासमोर उभं राहायला नको होतं.

शनिवारी सुनंदा जांभळी साडी नेसून तयार होती. आजींनी तिला जवळ बोलावून पदर नीट करायला लावला. ती गेली आणि दार लागलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं स्नेहसंमेलन माझ्यावाचून सुरू होणार होतं.

मी आजींना वळवलं, पाठ पुसली, मऊ भात भरवला. "सुनंदा याच्यापेक्षा कोमट देते," आजी म्हणाल्या. मी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. आता स्वागतगीत झालं असेल. पाचवीच्या कोळीनाचात त्या धाकट्या रोहनची टोपी पडली असणार, तालमीतही पडायची. पडदा ओढणाऱ्याला कोण खुणा करत असेल? सुनंदा पोचली का? फोन लावला, तर सरांनी उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. खिडकीशी गेले, दाराशी गेले, परत खिडकीशी.

"अहो, बसा ना," आजी म्हणाल्या.

"बसते."

"हे तुम्ही मघापासून म्हणताय. काय होईल फार तर? नाही पोचली तर नाही पोचली."

"तर ती मुलगी पुन्हा कधी जिंकणार नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढलाय हे मलाच नंतर कळलं.

थोड्या वेळाने आजींनीच सांगितलं, "पुन्हा लावून बघा फोन."

तेवढ्यात मेसेज आला. सरांनी एकच शब्द लिहिला होता, 'आली'. पुढे काही नाही. स्टेजवर गेली का? मुलगी वर आली का, की विंगेतून पळाली? मी विचारत राहिले, उत्तर येईना. आजी आणि मी दोघीही दाराकडे कान लावून होतो.

दिवेलागण होऊन बराच वेळ झाल्यावर जिन्यात पावलं वाजली. सुनंदाबरोबर रुचिताही होती, केसांत गजरा, हातात चषक. सुनंदाचा चेहरा असा दिसत होता की विचारायची गरज नव्हती. पण मी विचारलंच.

"नाव घेतलं तेव्हा ही खांबामागं लपलेली," सुनंदा म्हणाली. "मी वर जाऊन उभी राहिले नि हाक मारली, रुचे, ये गं. तर अशी धावत आली, बाई, की मी चषकासकट मागं पडत होते."

"सगळ्या पोरी बघत होत्या," रुचिता म्हणाली. तिच्या तोंडून एवढं मोठ्याने मी पहिल्यांदा ऐकलं.

"आणि बाई, मी खाली उतरत होते तर माइकवर तुमचं नाव पुकारलं. बॅनरवर होतं ना. मोठ्या बाईंना वाटलेलं तुम्ही आत विंगेतच असाल, त्या इकडं-तिकडं बघायला लागल्या, सावंत बाई कुठायत? सरांनी माझ्याकडं बघितलं. मी माइकशी गेले नि बोलले, त्या माझ्या ड्युटीवर आहेत."

"मग?"

"मग मोठ्या बाईंनी हे माझ्याकडं दिलं. म्हणाल्या, तुम्हीच न्या."

तिने पिशवीतून शाल आणि नारळ काढला आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला, तर रुचिताने आईचा हात मागे ओढला.

"असं नाय द्यायचं. हस्ते लागतं." ती खोलीभर बघत राहिली आणि मग कॉटजवळ गेली. "आजी, तुमच्या हस्ते चालेल?"

"अगं, मी यांच्या घरची नाही."

"आज दिवसभर बाई तुमच्याच घरी होत्या ना?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग सुनंदाला म्हणाल्या, "बसतं कर मला. आडवं पडून सत्कार करतात का?"

सुनंदाने एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरलं. आजींनी दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या उठून बसल्या. सुनंदा तोंडावर हात धरून बघतच राहिली. रुचिताने शालीची घडी उघडून त्यांच्या हातात दिली. आजींनी हात वर केले, पण मी उभी होते, त्यांचे हात माझ्या खांद्यांपर्यंत पोचेनात.

"मास्तरीणबाई," आजी म्हणाल्या, "आता तरी बसा."

मी बसले.